सुरतेहून कोणी आलेलं नाही

ऐरोली,
शनिवार, १७ सप्टेंबर १९९४

प्रिय शर्मिला,

तुझं पत्र रंगूबाईने जिना झाडता झाडता दिलं. त्याला हळदीचा वास येतो आहे. पत्र स्वयंपाकघरात लिहीत जाऊ नकोस.

मुलाखतीला आता तीनच रविवार उरले आहेत. आठ ऑक्टोबरला वाशीच्या त्या ऑफिसात परदेशी माणसं टेबलाच्या पलीकडे बसतील. किल्लारीकडच्या भूकंपाच्या गावांत घरं बांधणाऱ्या या संस्थेला मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारी दुभाषी मुलगी का पाहिजे, हे ते तुला विचारणार नाहीत. तूच का पाहिजेस, हे विचारतील. तुझं गाव औशाजवळचं, तुझी आजी त्या पडलेल्या भिंतीतून निघालेली, म्हणून तूच पाहिजेस. हे त्यांना पटेल अशा इंग्रजीत सांगता आलं पाहिजे.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. रविवारी माझ्याकडे तोंडी तास आणि मधल्या आठवड्यात एक पत्र. शब्द इंग्रजी, पण त्याखाली तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग, आणि तो मराठीत. मी एकोणतीस वर्षं विमा कंपनीत आगी, पूर आणि बुडालेली गलबतं यांवर इंग्रजी पत्रं लिहिली. ज्याने जळलेलं गोदाम पाहिलेलं नसे त्याचं पत्र मला पहिल्या ओळीत कळे.

या आठवड्याचे शब्द: डिझास्टर, रिलीफ, डोनर, व्हिक्टिम, सर्व्हायव्हर. साहेब लोक सगळ्यांना सरसकट व्हिक्टिम म्हणतात. तू तुझ्या आजीला सर्व्हायव्हर म्हण. व्हिक्टिम म्हटलं की माणूस आडवा पडलेला दिसतो, आणि तुझी आजी काही आडवी पडलेली नाही.

आणि चाचरायचं नाही. हनुवटी वर, वाक्य पुरं, शेवटी थँक्यू. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आम्हाला सांगत, असं उत्तर द्या की समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटेल.

तुझी,
सुमेधा तेलंग

•

दिघा,
२० सप्टेंबर १९९४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

पत्र आज पत्र्याच्या पेटीवर बसून लिहिते आहे. हळदीपासून लांब.

रिलीफ. भूकंपानंतर बाबांबरोबर गावी गेले तेव्हा मुंबईचे ट्रक आलेले पाहिले. वरून माणसं कपडे फेकत होती आणि खाली बायका झेलत होत्या. आजीच्या वाट्याला एक काळा कोट आला. आत रेशमी अस्तर, खिशात कोणाच्या तरी लग्नाच्या अक्षता. आजी म्हणाली, ‘ह्यो घालून म्या कुणाच्या वरातीत जाऊ?’ हिवाळ्यात तिने तो शेळीच्या अंगावर टाकला. म्हणजे रिलीफ शेळीला मिळाला, आणि डोनर मुंबईत पुण्य लागलं म्हणून समाधानात असेल.

सर्व्हायव्हर म्हणजे आजी. हे मी तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आई म्हणाली, कुणाशी बोलतीस?

भाऊ सुगतचं पत्र आलं. सुरतेला साड्या रंगवायच्या कारखान्यात तो आता पक्का झाला. चौदा ऑक्टोबरला धम्मदीक्षेच्या दिवशी घरी येतो म्हणतो. आईने आत्तापासून खिरीचे गहू निवडून ठेवलेत.

रविवारी येते.

आपली विद्यार्थिनी,
शर्मिला सोनकांबळे

•

ऐरोली,
२४ सप्टेंबर १९९४

प्रिय शर्मिला,

शेळीचा कोट मुलाखतीत सांग. हसतील, आणि लक्षात ठेवतील.

सुरतेला प्लेग आल्यापासून शब्द मी निवडायची गरज उरली नाही, वर्तमानपत्रच निवडून देतं आहे. एपिडेमिक, आउटब्रेक, कंटेजियस, क्वारंटाइन, आयसोलेशन. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, पॅनिक. त्याचा प्रसंग माझ्या खिडकीतून दिसतो. औषधाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग आहे. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या, तर आमचे चेअरमन घाणेकर खोकल्याच्या गोळ्यांचा डबाच उचलून घेऊन आले. तोंडाला रुमाल बांधून ते जिन्यात मला म्हणाले, ‘बाई, सुरत काही लांब नाही, रात्रीत माणूस येतो.’ मी म्हटलं, रात्रीत माणूस येतो आणि तुमचा मेंदू रात्रीत जातो.

हे मी त्यांना सुनावलं खरं. तुला खरं सांगते, दार लावून आत आले आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. माझ्या आजोबांचे दोन भाऊ पुण्याच्या प्लेगात एकाच आठवड्यात गेले. आमच्या घरात ‘गाठ’ हा शब्द कोणी उच्चारत नसे, दोऱ्याच्या गाठीलासुद्धा आजी ‘अढी’ म्हणे. मी पासष्टीची झाले तरी काल आंघोळ करताना काख चाचपून पाहिली.

सुगतला निरोप पाठव. असशील तिथे राहा, पळू नकोस, ताप आला तर तिथल्याच डॉक्टरकडे जा. पळणारी माणसं रोग बरोबर घेऊन पळतात.

उद्या तासाला ये.

सुमेधा तेलंग

•

दिघा,
२७ सप्टेंबर १९९४

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

रविवारी माझं तासाला लक्ष नव्हतं म्हणून तुम्ही रागावलात, ते बरोबरच होतं. येत्या रविवारी मला येता येणार नाही. आईला थंडीताप आहे, खोलीतलं सगळं माझ्यावर आहे. सुगतचं काही कळलं नाही. तो तिथेच असेल.

शब्दाखाली प्रसंग लिहायचा, म्हणून व्हॉलंटियरचा लिहिते. काल आमच्या गल्लीत सर्व्हेला कुठल्याशा कॉलेजातली तीन मुलं आली. तोंडाला रुमाल, हातात खडू. प्रत्येक दाराशी तेच विचारत होती, ताप कोणाला आहे, सुरतेहून कोणी आलंय का. शेजारच्या गोजरामावशीच्या खोलीत तर खाटेखाली वाकून पाहिलं. ती ओरडली, ‘खाटेखाली काय सुरत हाय का रे? लसूण हाय, घेऊन जा.’

मग ती आमच्या दारात आली. मी हनुवटी वर केली आणि इंग्रजीतून बोलले. गुड मॉर्निंग. आमच्या घरात तीन माणसं. सुरतेहून कोणी आलेलं नाही. आईला जरा सर्दी आहे, औषध चालू आहे. तुम्ही इतक्या उन्हात ही सेवा करताय त्याबद्दल थँक्यू.

त्यांच्यातली मुलगी बघतच राहिली. म्हणाली, ‘यू स्पीक सो वेल. व्हॉट आर यू डूइंग हिअर?’ मग तिने दारावर खडूची खूण केली आणि पुढे गेली. आत डोकावलीसुद्धा नाही.

आपली,
शर्मिला

•

ऐरोली,
२८ सप्टेंबर १९९४

प्रिय शर्मिला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. ‘इतक्या उन्हात’ हे तुला कोणी शिकवलं? मी नाही. दुसऱ्याचे कष्ट आधी ओळखायचे आणि मग आपलं म्हणणं मांडायचं, हे ज्याला जमलं त्याला मुलाखतीत काही अवघड नाही. जागा तुझी आहे असं मी आजच समजते.

त्या मुलीला मात्र दोन शब्द ऐकवायला हवे होतेस. हिअर काय करतेस म्हणजे? तू तिथे राहतेस. इंग्रजी बोलणाऱ्याला सेक्टरमध्येच घर असतं असं कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे?

आता तुझ्या गैरहजेरीविषयी. मी मूर्ख नाही. रविवारी तू दारात चप्पल काढताना माझ्याकडे पाहिलं नाहीस, पाणी पुढे केलं ते प्यायली नाहीस, खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतलीस. आता आईचा ताप. शर्मिला, माझ्या हाताखालून चार मुली गेल्या आणि चौघींच्या आयांना मुलाखतीच्या तोंडावरच ताप आला. तापाचं नाव स्थळ. कुठला आहे मुलगा? बाबांना सांग, मुलगा दहा दिवस थांबला तर नासत नाही. नाहीतर मी येऊन सांगते.

सुमेधा तेलंग

•

दिघा,
३० सप्टेंबर १९९४

बाई,

स्थळ नाही. मी खोटं लिहिलं.

सुगत इथेच आहे. तेवीस तारखेला दुपारी कळव्यापर्यंत ट्रकने आला आणि तिथून चालत. तोंड गमछ्याने बांधलेलं होतं. मला वाटलं धुळीसाठी बांधलंय. त्याच्या कारखान्यातली सगळी पोरं पळाली म्हणून तोही पळाला. तुमचा निरोप मी पाठवणार कुठे? तुमचं पत्र वाचलं तेव्हा तो माझ्यासमोर भाकरी खात होता.

पहिले दोन दिवस काही नव्हतं. म्हणून मी रविवारी तुमच्याकडे आले. येताना वाटेत दोनदा मागे फिरले होते. तुमचा पेला विटाळू नये म्हणून पाणी प्यायले नाही, खिडकीपाशी बसले. घरी परतले तर तो चादरीखाली थडथड उडत होता.

सर्व्हेची मुलं आली तेव्हा तो मोरीजवळच्या पडद्यामागे होता. आईने त्याच्या तोंडावर हात धरला होता. मी दारात बोलत होते आणि मला त्याच्या दातांचा आवाज येत होता. बाई, तुम्ही शिकवलं होतं तसंच सगळं झालं. त्यांना पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटली.

आता ताप चढतो, उतरतो, परत चढतो. खोकतोय. काल मला ओळखलं नाही, मुकादम समजून हात जोडले. गाठ कुठे दिसत नाही, पण पेपरात लिहिलंय की दुसऱ्या प्रकारात गाठ येतच नाही. दुकानदार कॅप्सूल देत नाही. म्हणतो कोणाला पाहिजे ते सांग.

तुमच्याकडे कॅप्सूल असतील तर द्या. रंगूबाईला काही सांगू नका. कोणालाच सांगू नका. गल्लीत कळलं तर आमची खोली राहणार नाही.

शर्मिला

•

ऐरोली,
३० सप्टेंबर १९९४, संध्याकाळी

शर्मिला,

रंगूबाईला आजपासून फाटकाच्या आत घेत नाहीत. दिघ्याहून येणाऱ्या कोणालाच नाही. वॉचमन सदूने तुझं पत्र काठीला चिमट्याने लावून मला दिलं. म्हणाला, ‘आमी काय करनार बाई, वरून ऑर्डर हाय.’ मी त्याला म्हटलं, वर कोण, घाणेकर की देव? पण पत्र घेतलं ते मीही पदराने धरूनच. मग उघडलं.

कॅप्सूल पाठवत नाही. माझ्याकडे सहा आहेत, आणि सहा कॅप्सूलने काय होतं मला माहीत नाही, तुलाही नाही. कोणता रोग आहे तेच माहीत नसताना औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्याला हॉस्पिटल पाहिजे. आज.

तू तुझ्या तोंडाने त्या सर्व्हेवाल्यांना परत बोलाव. रस्त्यावरच्या मंडपात त्यांची डॉक्टर बसते, तिला जाऊन सांग. मराठीत सांग, रडत सांग, चाचरत सांग, कसंही सांग. तू इतकं चांगलं बोललीस म्हणून ती मुलं निघून गेली. आता वाईट बोल, म्हणजे थांबतील.

उद्या दुपारपर्यंत मला उत्तर पाहिजे.

सुमेधा

•

दिघा,
१ ऑक्टोबर १९९४

बाई,

मी मंडपापर्यंत गेले होते. तिथे पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाला गाडीत घालत होते. त्याला फक्त खोकला होता. त्याची बायको गाडीमागे धावत होती आणि लोक तिच्यापासून असे बाजूला होत होते, जणू ती पेटलेली आहे. गाडी गेल्यावर पोरांनी त्यांच्या दारापुढे टायर जाळला. धुराने रोग जातो म्हणे. मी परत आले.

बाबा म्हणतात, गाडीत गेलेला परत येत नाही, मयतसुद्धा देत नाहीत. आई म्हणते, ‘माझ्या मांडीवर हाय तवर माझा हाय.’ मी काय बोलू? इंग्रजी बोलू?

तो आज सकाळपासून हाक मारली तर डोळे उघडत नाही. लघवी काळपट झाली. तरी मध्येच घाम येतो आणि थंड पडतो, तेव्हा आई म्हणते उतरला, बघ, उतरला.

उद्यापर्यंत थांबा. तुम्हाला माझी शपथ आहे.

शर्मिला

•

ऐरोली,
रविवार, २ ऑक्टोबर १९९४

शर्मिला,

मी आज सकाळी महापालिकेच्या प्लेगच्या नंबरावर फोन केला. नाव, गल्ली, नळाच्या डाव्या हाताची तिसरी खोली, मोरीजवळचा पडदा, सगळं सांगितलं. हे पत्र तुला मिळेल तोपर्यंत गाडी येऊन गेली असेल, म्हणून हे तुला थांबवण्यासाठी नाही. कोणी सांगितलं हे तुला दुसरीकडून कळू नये, एवढ्यासाठी आहे.

तू शपथ घातलीस. मी ती मोडली.

मला फार चांगली समजू नकोस. गुरुवारपासून माझा घसा दुखतो आहे, काल अंगात कणकण होती. तुला कळवलं नव्हतं. तू गेल्या रविवारी माझ्यासमोर दीड तास बसली होतीस. तुझं खरं पत्र आल्यापासून मी दर तासाला थर्मामीटर लावते आणि काखेत बोट घालून बसते. तेव्हा फोन उचलला तो सुगतसाठी की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. दोघांसाठी असेल. नंबर फिरवताना मात्र तो मुकादमाला हात जोडतो आहे एवढंच डोळ्यांपुढे होतं.

त्यांनी विचारलं, तुमचा त्या घराशी संबंध काय? मी म्हटलं, ती माझ्याकडे शिकते. म्हणजे तुम्हीही कॉन्टॅक्ट, ते म्हणाले. दुपारी दोघं आले, घशातून कापूस फिरवून नेला आणि दारावर कागद लावून गेले. घाणेकर खाली उभे राहून पाहत होते.

सुमेधा

•

मुंबई, हॉस्पिटल
६ ऑक्टोबर १९९४

सुमेधाबाई,

आम्ही चौघंही इथे आहोत. सुगत वेगळ्या वॉर्डात, काचेपलीकडे. आम्ही तिघं एका खोलीत. आयसोलेशन म्हणजे काय ते पाहिलं. जेवण दाराशी ठेवतात, टकटक करतात आणि आपण दार उघडेपर्यंत ते माणूस कोपऱ्यावर गेलेलं असतं.

तुम्ही खोलीची खूण अगदी बरोबर सांगितलीत. गाडीवाले कोणाला न विचारता थेट आमच्याकडे आले. आईने सुगतला सोडलं नाही. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. सोडवणारा सारखा म्हणत होता, ‘आई, सोडा, आमचं काम हाय.’ गोजरामावशी दारात उभी होती. ती मला म्हणाली, ‘इंग्रजीत खोटं बोललीस होय गं. माझ्या खाटेखाली बघितलं आन् तुझ्या पडद्यामागं नाय. माझी नातवंडं याच नळावर पानी भरत्यात.’ तिला काय उत्तर देऊ, सांगा. तुमच्याकडे सगळ्याची उत्तरं असतात.

सुगतचं रक्त तपासायला नेलंय. अजून काही सांगत नाहीत. परवा माझी मुलाखत आहे. नर्सने हा कागद दिला, त्याच्या मागे औषधाची जाहिरात आहे.

तुम्हाला बरं नसेल तर कळवा. मी रागावले आहे, पण कळवा.

शर्मिला

•

ऐरोली,
९ ऑक्टोबर १९९४

शर्मिला,

मला साधी सर्दी होती. काल तपासणीचा निरोप आला. तरी दारावरचा कागद कोणी काढायला आलं नाही, म्हणून मीच काढला. घाणेकरांनी सोसायटीची सभा बोलावली आणि मला चिठ्ठी पाठवली की आठवडाभर जिना वापरू नये. मी वरून ओरडून विचारलं, मग खिडकीतून उडी मारू का? दूधवाला पिशवी खालच्या पायरीवर ठेवतो, आणि मी ती आणायला उतरले की वरच्या मजल्यांवरची दारं धडाधड बंद होतात. या लोकांना मी बारा वर्षं मोदक पाठवले.

वाशीच्या ऑफिसात मी फोन केला होता. म्हटलं, उमेदवार हॉस्पिटलात आहे, मुलाखत पुढे ढकला. त्यांची बाई अत्यंत गोड इंग्रजीत म्हणाली की बाधित भागातल्या उमेदवारांना सध्या ऑफिसात बोलावू नये असं ठरलं आहे. ‘आपण माझी अडचण समजून घ्याल,’ असंही म्हणाली. भूकंपात जाणारी, दुष्काळात जाणारी ही माणसं. मी तिला शांतपणे सांगितलं की संस्थेच्या पाटीवर मदतीचे दोन हात काढले आहेत ते पुसून टाका. तिला कळलं की नाही, देव जाणे. जागा गेली, शर्मिला. हे मी तुला गोड करून सांगत नाही.

गोजराबाईंच्या बोलण्याचं विचारलंस. त्यांचं खरं आहे.

मी माफी मागत नाही. परत तशी वेळ आली तरी फोन करीन. पण रोज सकाळी पहिला विचार येतो तो सुगतचा. दुसरा येतो की तुझं पत्र आलं आणि त्यात तो गेला असं असलं, तर मी ते कसं वाचायचं. म्हणून जे असेल ते पहिल्या ओळीत लिही.

सुमेधा

•

दिघा,
१२ ऑक्टोबर १९९४

आदरणीय बाई,
जयभीम.

सुगत जिवंत आहे.

प्लेग नव्हता. मलेरिया होता, डोक्यात चढणारा. सुरतेहून आणला की इथल्या नाल्यावरचा डास चावला, कोणाला ठाऊक. डॉक्टर बाबांना म्हणाले, अजून एक दिवस घरी ठेवला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. बाबा तिथेच जमिनीवर बसले. रात्री जेवले नाहीत. आईने तुमचं नाव काढलं नाही, पण काल मला म्हणाली, त्या बाईचा घसा बरा झाला का इचार.

आम्ही काल घरी आलो. सुगत भिंतीला धरून चालतो. हॉस्पिटलचा कागद आहे, त्यावर शिक्का आहे. बाबांनी तो दाराला चिकटवला. कोणी वाचत नाही. वाचणारे म्हणतात, पैसे देऊन आणला असेल. कंपनीने बाबांना तूर्त येऊ नका म्हणून सांगितलंय. नळावर मी हंडा लावला की बायका आपले हंडे उचलतात, आणि मी गेल्यावर नळ चुलीतल्या राखेने घासतात. खोलीचा मालक येऊन गेला. पंधरवड्यात रिकामी करा म्हणाला. गोजरामावशी माझ्याशी बोलत नाही, पण मालकाला म्हणाली, ‘जरा थांबा की, लोकांची भीती गेल्यावर बघू.’

भीती कागदाने जात नाही, बाई. मी विचार केला की कशाने जाईल.

परवा चौदा तारीख, धम्मदीक्षेचा दिवस. आमच्याकडे दरवर्षी खीर होते आणि गल्ली जेवायला येते. यंदा कोणी येणार नाही. तुम्ही या. सेक्टरमधल्या, पांढऱ्या केसांच्या, इस्त्रीची साडी नेसलेल्या बाई सोनकांबळ्यांच्या खोलीत जेवून गेल्या, हे गल्लीने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मागच्या नाल्याकडून येऊ नका. नळापासून, सगळ्यांच्या दारांवरून, दिवसा उजेडी या.

तुम्ही आलात म्हणजे आपलं मिटलं, असं समजू नका. मला अजून राग येतो, आणि कुणावर ते कळत नाही. आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर येऊ नका. तसं लिहिलंत तरी मला वाईट वाटणार नाही. हेही खोटं आहे. वाटेल.

शर्मिला

•

ऐरोली,
१३ ऑक्टोबर १९९४

प्रिय शर्मिला,

पहिली ओळ मी तीनदा वाचली, मगच पुढे गेले.

उद्या बारा वाजता येते. मालकालाही बोलाव, मला त्याच्याशी बोलायचं आहे. आणि मराठीतच बोलणार आहे, म्हणजे त्याला सगळं कळेल.

तू भीतीचं विचारलंस. वाटते. मलेरिया माणसाकडून माणसाला होत नाही हे मला तुझ्या डॉक्टरइतकंच ठाऊक आहे. आज दुपारी मी ते आरशासमोर उभं राहून स्वतःला दोन भाषांत सांगितलं. तरी तुमच्या पेल्याला तोंड लावायचा विचार आला की मी उठून माझाच पेला पुन्हा घासते. ते आजोबांच्या घरातलं आहे, ते शहाणपणाने जात नाही. तू लिहिलंस तसं कागदाने तर नाहीच. तुमच्या नळावर राख घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना मी आज नावं ठेवू शकत नाही. घाणेकरांना मात्र ठेवते, त्यांना वर्तमानपत्र वाचता येतं.

मी रिक्षा हमरस्त्यावरच सोडीन आणि नळावरून सावकाश चालत येईन. माझे गुडघे असेही सावकाशच चालतात. कोणी विचारलं तर सांगीन, सोनकांबळ्यांकडे जेवायला चालले. आधी गोजराबाईंच्या दारात थांबीन. त्यांना माझ्याबरोबर यायचं नसेल तर नको, पण विचारीन.

पान दारात मांड, आत नको. खीर वाढ, वांगं असेल तर थोडंच वाढ, मला वांगं आवडत नाही आणि हे मी टाळण्यासाठी सांगत नाही. पाणी सुगतने द्यावं, त्याला तेवढं उभं राहवत असेल तर.

पेला घेताना माझा हात कापेल. कोणी पाहिलंच, तर आईंना म्हणायला सांग की बाईंचं वय झालंय.

सुमेधा तेलंग